काचेतले जाजम

मी एक जुने जाजम आहे. मित्रांनो, हसू नका, भिंतीवर टांगलेले जाजम तुम्ही कधी पाहिले नसेल. माझा जन्म उज्जैनच्या भैरवगडचा. तिथे माणिकजींनी लाकडी ठशांनी माझ्यावर लाल-काळी वेलबुट्टी छापली आणि क्षिप्रेच्या घाटावर मला धुऊन वाळवले.

पुढे विनोदिनीताईंनी मला नानाखेड्याच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात आणले. वस्त्यांमधला रोजगार लोकांना सोबत घेऊन कसा वाढवावा, हे ताई स्वयंसेवी संस्थांमधल्या मुलामुलींना शिकवीत. खुर्च्या त्यांना मुळीच खपत नसत. "पहिले जाजम बिछवा, मग विकासाच्या गोष्टी करा!" असे त्या म्हणत. त्यांचा एकच नियम होता. जाजमावर ठरलेले मोडायचे असेल, तर पुन्हा जाजम अंथरून सर्वांदेखत मोडायचे. त्यांचा लाडका विद्यार्थी अनय हा नियम इतरांना समजावून सांगे, तेव्हा मी फुलून जाई.

अनय एका संस्थेत प्रकल्प अधिकारी झाला. पहिलेच काम भैरवगडच्या छपाई कारागिरांसाठी दुकाने उभारण्याचे, म्हणून ताईंनी कौतुकाने मला त्याच्या हाती दिले. मी माहेरी निघाले होते! तिथल्या बैठकीत माणिकजी माझ्यावर मांडी घालून बसले. म्हणाले, "भैया, दुकानें बाद में बना लेना. कपड़ा धोने का घाट मत छीनना, वही हमारी रोटी है."

"जाजम पर बैठकर कह रहा हूँ, घाट यहीं रहेगा," अनय म्हणाला. मग फोटो निघाले.

मला गाडीत कोंबून तो फोनवर बोलू लागला, तेही मराठीत. बाहेर उभ्या माणिकजींना कळू नये ना! "हो सर, घाटाच्या जागी विक्री केंद्रच. ते तर पहिलेच फायनल आहे. बैठक फक्त फोटोसाठी होती."

मला दोन्ही भाषा येतात, मित्रांनो. माझ्याच अंगावर बसून त्याने दगा दिला. ताईंची सारी शिकवण त्याने फोटोपुरती वापरली, याचा मला आजही संताप येतो.

घाट गेला. माणिकजींचे ठसे कोरडे पडले. मी अनयच्या संस्थेच्या फ्रीगंजमधल्या कचेरीत काचेत बंद झाले, खाली पाटी लागली: 'लोकसहभाग'.

परवा माणिकजी आले. "जाजम बिछाओ, बात करनी है."

"वो तो अब फ्रेम में है, काकाजी. आप कुर्सी पर बैठिए ना," अनय म्हणाला.

माणिकजी खुर्चीवर बसले नाहीत. ते माझ्याखालच्या फरशीवर बसले.

मित्रांनो, मला असे जपू नका. मला खाली उतरवा, भैरवगडला नेऊन अंथरा आणि अनयलाही बोलवा. दिलेला शब्द त्याने माझ्यावर बसून, माणिकजींच्या डोळ्यांदेखत मोडून दाखवावा.