रस्त्याखालचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. चटणी वाटायचा, काळ्या दगडाचा. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण तुमच्यातले पुष्कळजण रोज माझ्यावरून सायकली पळवतात. दचकू नका, मला काही लागत नाही. उलट दुपारच्या सुस्तीत कुणी घंटी वाजवत डोक्यावरून गेलं की बरं वाटतं. मी रस्त्याखाली कसा आलो, एवढंच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म दाभोशाच्या नदीकाठचा. एका पाथरवटाने मला काठावरून उचललं, छिन्नीने घडवलं आणि मोखाड्याच्या आठवडी बाजारात मांडलं. तिथे कमूच्या आईने मला हलवून पाहिलं. "जड हाय, म्हंजे टिकंल," असं म्हणून तिने लेकीच्या लग्नात मला दिलं. माझ्या वजनाचं कौतुक झालं ते तेव्हाच. पुढे ज्याने ज्याने मला उचललं, त्याने शिव्याच दिल्या.

कमूचं सासर खोडाळ्याजवळ. तिचा नवरा जिव्या. भाताची झोडणी आटोपली, दिवाळी सरली, की दोघं बोचकी बांधून कामाला ठाण्याकडे निघत. शहराच्या कडेला तेव्हा एक मोकळा माळ होता आणि माळावर लाल फुलांची एक मोठी सावर होती. तिच्याजवळ त्यांनी पाल ठोकलं. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, मिळेल ते काम करायचं आणि संध्याकाळी माझ्यावर खुरासणीची चटणी वाटायची, असा त्यांचा दिवस असे.

अखाती, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली की भाताच्या रोपांसाठी राब भाजायला गावी परतायचं. जीपवाल्याने मला बघून तोंड वाकडं केलं. पहिल्याच वर्षी जिव्या म्हणाला, "हा धोंडा आथंच ऱ्हाऊ दे."

कमू म्हणाली, "टाकायचा नाय. पुरून ठेव. पाटा जिथं, तिथं आपला चुला. तो जागा राखंल."

आणि खरंच, त्यांच्या माणसांत तसा रिवाजच पडला. जिथे कुणाचा पाटा पुरलेला आहे तिथे दुसरा कुणी पाल ठोकत नसे. सकाळच्या चहाच्या वेळेला सावरीची सावली जिथे संपे, तिथे जिव्याने खड्डा केला. कमूने मला पाल्यात गुंडाळून आत ठेवलं, वर माती लोटली आणि वरवंटा बोचक्यात घेऊन ती गावी गेली.

मग पावसाळाभर मी झोपे. जमिनीतलं पाणी अंगावरून हळूच सरके आणि मला वाटे, मी अजून दाभोशालाच आहे. झोपेत वरचे आवाज येत. कधी म्हशींचे खूर, कधी लग्नाचा बँड, कधी नुसतंच कुणाचं तरी चालणं. दिवाळीनंतर कमू मला उकरून काढी, पदराने पुशी, आणि मी डोळे किलकिले करून पाही तो दर खेपेला मुलूख निराळाच! गेल्या साली भाताची खाचरं होती तिथे यंदा चार मजले. म्हशींचा गोठा होता तिथे पिवळ्या पाटीचं एसटीडीचं दुकान. मला तर वाटे, मी झोपतो म्हणूनच हे सगळं होतं. जागा राहिलो असतो तर थोडी खाचरं वाचली असती, असं अजूनही कधीकधी वाटतं.

त्याच पालात कमूला मुलगी झाली, बाळी. पाचव्या दिवशी मला धुऊन, कुंकू लावून, तांदूळ वाहून माझ्यावर बाळीची पाचवी पुजली. त्या दिवशी मी जरा फुगलोच होतो. समोरच्या इमारतीतल्या हर्षदाताई वीज गेली की ओलं खोबरं घेऊन खाली येत. "कमू, तुझ्या पाट्याची चव आमच्या मिक्सरला नाही गं," असं म्हणत. त्या चिखलातून साडी सावरत येत-जात आणि म्हणत, इथे एक चांगला रस्ता हवा. त्यांचं काही चुकत नव्हतं. रस्ता कुणाला नको असतो?

आणि एका साली रस्ता आलाच. खाली झोपलेल्या मला एवढंच कळलं की सावरीची मुळं, जी माझ्या कुशीला लागून होती, ती एकदम ओढली गेली. मग वर बोल्डर पडले. त्यानंतर किती दिवसांनी कोण जाणे, ओळखीची पावलं आली. कमूची टोळी त्याच रस्त्याच्या कामावर लागली होती.

"मुकादम, आमचा पाटा हाय आथं खाली. काढून घेतो," कमू म्हणाली.

"खडीचा डोंगर आहे समोर. हवा तेवढा दगड ने."

"माझ्या बाळीची पाचवी हाय त्याच्यावर. आमची जागा हाय ती."

मुकादम वाईट नव्हता. "चहा होईस्तोवर काय ते खणा. मग रोलर येतोय," म्हणाला.

पण खणायचं कुठे? सावर नव्हती, मग सावली कुठून पडणार? कमू इकडून तिकडे हिंडली. शेवटी एका जागी थांबून म्हणाली, "आथं. आथंच." जिव्याने पहार घातली. पहारीचा प्रत्येक घाव मला ऐकू येत होता, अगदी हातभर पलीकडे. मी उभा जन्म गप्प राहिलेला दगड. त्या घटकेला मात्र मला तोंड असायला हवं होतं. अलीकडे ये गं कमू, जराशी अलीकडे!

चहा संपला. मुकादमाने हाक मारली. जिव्याने खड्डा बुजवला.

"आये, आता आपुन ऱ्हायचं कुठं?" बाळीने विचारलं.

 कमूने घमेलं भरलं आणि खडी आणून टाकली, ती नेमकी माझ्यावर. मग रोलर आला.

आता त्यांचं पाल शहराच्या नव्या कडेला असतं, पार लांब. पण दिवाळीनंतर एकदा कमू वाकडी वाट करून इकडे येतेच. चपला हातात घेऊन हळूहळू चालते, तळव्याने चाचपते. बहुतेक वेळा ती चुकते. गेल्या खेपेला मात्र ती बरोब्बर माझ्यावर येऊन उभी राहिली. डांबराच्या थरातूनही मला तिच्या टाचा कळल्या. तिला कळलं की नाही, देव जाणे. मागून गाड्यांनी हॉर्नचा नुसता गोंगाट केला.

इमारतीचा वॉचमन ओरडला, "ओ मावशी, कुणाकडे जायचंय? कोण राहतं तुमचं इथे?"

कमू म्हणाली, "आमीच ऱ्हायचो."

मित्रांनो, मला खणून काढा असं मी म्हणत नाही. माझं मागणं लहान आहे. तुमच्या गल्लीत भर रस्त्यात एखादी बाई अनवाणी, खाली बघत उभी दिसली तर घंटी वाजवू नका, हॉर्न वाजवू नका. तिला वळसा घालून जा. ती घरी आलेली असते.