न वाजलेली घंटा

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. सेलवर चालणारा नव्हे, हाताने पिळायचा. पूर्वी मी पांढराशुभ्र होतो, आता माझा रंग चहाच्या कपाच्या आतल्या बाजूसारखा झाला आहे. माझ्याबरोबर कारखान्यातून निघालेले बहुतेक भाऊबंद स्वयंपाकघरांत गेले आणि अंडी उकडता उकडता म्हातारे झाले. मला मात्र सुया टोचून दुखणी बरी करणाऱ्या एका डॉक्टरांनी विकत घेतलं.

माझं काम सोपं होतं. सुया लावून झाल्या की डॉक्टर मला वीस मिनिटांवर लावायचे, खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवायचे आणि दार ओढून बाहेरच्या खोलीत जायचे. वीस मिनिटं टिकटिक आणि मग खणखणीत घंटा. एक आजोबा तर मला बायकोपेक्षा वेळेचा पक्का म्हणत. बायको बाहेरच बसलेली असे, म्हणून हळू म्हणत.

म्हातारपणी मला एक खोड लागली. माझी स्प्रिंग सैल पडली. आधी पूर्ण साठपर्यंत फिरवायचं आणि मग मागे वीसवर आणायचं, तरच मी वाजे. थेट वीसवर लावलं तर टिकटिक चाले, घंटा मात्र होत नसे. डॉक्टरांच्या हाताला हे इतकं सवयीचं झालं होतं की आपण असं करतो हे त्यांनाही कळत नसावं.

पुढे डॉक्टरांचे हात थरथरू लागले आणि त्यांची सून दवाखाना बघू लागली. पोरीचा हात फार हलका. सासऱ्यांनी तिला दोन वर्षं शेजारी उभं करून शिकवलं. सुई किती खोल घालायची, लावलेल्या आणि काढलेल्या सुया मोजून कशा ताडून बघायच्या, सगळं सांगितलं. माझं तेवढं सांगायचं राहून गेलं. ती मोबाईलवर वेळ लावायची आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

एके दिवशी तिचा मोबाईल बंद पडला. तिने मला खाली काढून पुसलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

त्याच दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी पहिल्यांदा आल्या. उजवा खांदा आखडून चार महिने झाले होते. हात वर जात नव्हता, कापड बेतता येत नव्हतं. इथेही गुण आला नाही तर मशीन कायमचं झाकून ठेवणार, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं.

"जन्म सुयांतच गेला माझा," त्या म्हणाल्या, "पण त्या कापडाला टोचायच्या हो!"

सून हसली. झोप लागते का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, जेवून आलात ना, सगळं विचारलं. जीभ बघितली, दोन्ही मनगटांची नाडी बघितली. मग त्यांच्यासमोरच बंद पाकीट फोडलं.

"नव्या आहेत, मावशी. एकदा वापरल्या की टाकून देतो. केसासारख्या बारीक. टोचताना डास चावल्यासारखं वाटेल, मग जरा जड वाटेल, मुंग्या येतील. जोरात दुखलं तर लगेच सांगायचं. आणि एका दिवसात जादू होत नाही हं, सहा-सात वेळा यावं लागेल."

मावशींनी डोळे घट्ट मिटले. नऊ सुया लागल्या. खांद्यात, दोन्ही हातांत, पायांत. शेवटची लागल्यावर त्यांनी एक डोळा उघडला. "एवढंच होय!"

"आता हलू नका."

"मला विसरणार नाही ना?"

"हा वाजला की आलेच."

आणि तिने मला थेट वीसवर लावलं.

मित्रांनो, मी काय करणार होतो? मला हाक मारायला एकच आवाज, घंटेचा, आणि तोच बंद झाला होता. वीस मिनिटं मी टिकटिकत राहिलो, एकेक मिनिट जीव टांगणीला लागल्यासारखं. मग शून्यावर आलो आणि गप्प झालो. बाहेर सून एका बोलघेवड्या गृहस्थांची दुखणी लिहून घेत होती, कान माझ्याकडे ठेवून.

मावशींना वाटलं, येतीलच. मग त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई?" पंख्याच्या घरघरीत ते विरून गेलं. ओरडायची त्यांना लाज वाटत होती. खांदा ठणकू लागला. त्यांनी उजवा हात उचलायला बघितला तशी सुईपाशी कळ आली, आणि भीतीने त्यांनी तो तसाच ठेवला. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळलं. तेही त्यांना पुसता येईना. मी हातभर अंतरावर होतो.

सुया लावल्यापासून पन्नास मिनिटांनी बाहेरच्या घड्याळाकडे नजर गेली तशी सून धावत आली. तोंड पांढरंफटक पडलेलं. तिने नऊच्या नऊ सुया काढल्या, माफी मागितली, पाणी दिलं. मावशी झटकन उठल्या, चक्कर येऊन पुन्हा बसल्या. "गुरुवारी याल ना?" तिने विचारलं. "बघते," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी सासऱ्यांनी मला हातात घेतलं, साठपर्यंत फिरवून मागे आणलं. मी खणखणीत वाजलो. सून माझ्याकडे बघतच राहिली. "हे तुला सांगायचंच राहिलं गं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

गुरुवारी मावशी आल्या नाहीत. सुनेने फोन केला. सगळं मला ऐकू येत होतं.

"राग नाही हो," मावशी म्हणत होत्या. "खरं सांगू? दुसऱ्या दिवशी हात वीतभर वर गेला. पण त्या खाटेवर पुन्हा पडायचं धाडस होत नाही. परवाच मशीन झाकून ठेवलं."

तेव्हापासून मी खणात आहे. मित्रांनो, एक विनवणी करतो. एखादी वस्तू कुणाच्या हाती सोपवाल, तेव्हा तिची खोडही सांगा. आणि बंद दारामागे कुणी तुमच्या भरवशावर पडून असेल, तर घंटेची वाट बघत बसू नका. उठा, दार ढकला आणि विचारा, "बरं वाटतंय ना?"