पेटीतला बंद फोन

मित्रांनो, शिंप्याच्या टाचण्या-दोऱ्यांच्या डब्यात पडून असायचा तो जुना मोबाइल म्हणजे मीच. एके काळी मालकांचं माझ्यावाचून पान हलत नसे. गिऱ्हाइकांचे निरोप, मापं, कापडांचे फोटो, सगळं माझ्यात. "हा माझा उजवा हात," असं ते चारचौघांत सांगायचे. मग एकदा मी बादलीत पडलो आणि कायमचा बंद झालो.

मालकांची लेक नववीत. तिच्या शाळेत फोन सकाळी वर्गातल्या पेटीत जमा करायचे आणि सुटताना न्यायचे, असा नियम. एके दिवशी तिने मला डब्यातून काढलं, पुसलं, आपल्या नव्या फोनसारखंच कव्हर घातलं. अहाहा, केवढा हरखलो मी! वाटलं, आपले दिवस पालटले. कसले पालटतायत! तिने मला पेटीत टाकलं आणि नवा फोन मोज्यात खोचला.

तेव्हापासून रोज हेच. बाकाखाली तिचा अंगठा सरकत राही, कुणी काय टाकलं, आपल्याला किती लाइक आले. घरीही झोप मोडून तेच. डोळे लाल झाले, मान आखडली, गणितात ती नापास झाली. फोन सुटायचा तो फक्त मैदानावर. धावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मोठ्या शर्यतीसाठी तिची निवडही झाली होती.

शेवटी वर्गाच्या बाईंनी मालकांना शाळेत बोलावलं. लेकही शेजारीच उभी होती.

"हे नापास होणं फोनमुळे तर नसेल ना हो बाई?" मालकांनी विचारलं.

"छे! तो दिवसभर आमच्याकडेच जमा असतो," म्हणत बाईंनी मला उचलून दाखवलं. त्या कव्हरात माझ्या मालकांनीही मला ओळखलं नाही.

"मग हे पळणंच बंद करा. दमून जाते पोर," मालक म्हणाले आणि लेकीकडे वळले. "का गं, दुसरं काही कारण आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते. "नाही, बाबा," ती म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि मी मूग गिळून गप्प. मला फार लाज वाटते, मित्रांनो. ज्या घराने मला उजवा हात म्हटलं, त्याच घराला मी फसवतोय.

तुमच्या पेटीतही माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला बाहेर काढा. आणि पोरी, तू हे वाचत असशील, तर आजच बाबांना खरं सांग. ते रागावतील, फोन काढून घेतील. घेऊ देत. शर्यत अजून व्हायची आहे.