उंबऱ्याजवळ सांडलेलं तेल

जननीची लग्नानंतरची ही पहिली दीपावळी. रिवाजाप्रमाणे ती नवरा कार्तिकसह कुंभकोणमला माहेरी आली होती, आणि सोबत सासू भारतीबाईही. विहीणबाई येणार हे कळल्यापासून जननीच्या आईची, विशालाक्षीची, झोप उडाली होती.

विशालाक्षीला पार्किन्सन्स होऊन तीन वर्षं झाली होती. सोयरीक जुळताना ही गोष्ट झाकली होती. "आई, आत्ता नको सांगूस. मलाही होईल म्हणतील," जननीच म्हणाली होती. लग्नाचा एक दिवस गोळ्यांच्या जोरावर निभावला. आता मात्र दोन दिवस एका छपराखाली काढायचे होते.

आदल्या संध्याकाळी विशालाक्षीनं डावा हात पदराखाली दाबून धरला. कॉफी द्यायला नवऱ्याला, अनंतकृष्णला, पुढे केलं. भारतीबाई तिच्याकडे दोनदा टक लावून बघताहेत असं तिला वाटलं.

पण पहाटेला पळवाट नव्हती. गंगास्नानाआधी, म्हणजे दीपावळीच्या अभ्यंगस्नानाआधी, जावयाच्या डोक्याला तेल सासूनंच लावायचं. रोजची सहाची गोळी तिनं चारलाच घेतली. पाच वाजत आले तरी अंग मोकळं होईना. बाहेर फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या होत्या. कार्तिक न्हाणीघराजवळच्या पाटावर येऊन बसला.

"मामी, मी तयार आहे," तो म्हणाला. सासूला तो मामीच म्हणायचा.

कोमट तेलाची पितळी वाटी दोन्ही हातांत घेऊन ती स्वयंपाकघरातून निघाली आणि उंबऱ्यापाशी पाय थिजले. जमिनीला खिळल्यासारखे. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिनं मनात एक, दोन, तीन मोजलं. पाय हलेनात. तेवढ्यात दाराबाहेर सुतळी बॉम्ब फुटला, हात उडाला, आणि सगळं तेल उंबऱ्यापलीकडच्या गुळगुळीत लादीवर पसरलं.

त्याच वेळी भारतीबाई माजघरातून आल्या. हातात नव्या वस्त्रांचं ताट, नजर ताटातल्या दिव्यावर. अजून चार पावलं, की पाय तेलात.

"थांबा!" विशालाक्षी ओरडली. निदान तिला वाटलं की ओरडली. हल्ली आवाज घशातच विरायचा. फटाक्यांत तो तिला स्वतःलाही ऐकू आला नाही.

तीन पावलं. आता पडतील. कंबर मोडेल, दिवा नव्या रेशमावर जाईल. पाय नाही, गळा नाही. हातात उरली होती फक्त रिकामी वाटी. तिनं ती होती नव्हती ती ताकद लावून समोर भिरकावली. वाटी खणखणत भारतीबाईंच्या पायाशी गेली. त्या दचकून जागच्या जागी थांबल्या, मग त्यांनी खाली बघितलं.

"तेल... पडाल," विशालाक्षी पुटपुटली. पदर सुटला होता. डावा हात सर्वांदेखत थरथरत होता.

जननी धावत आली. "सासूबाई, आईला रात्री झोप नाही, म्हणून..."

"नको, जननी." विशालाक्षीनं तिला थांबवलं. "मला पार्किन्सन्स आहे, विहीणबाई. तीन वर्षं झाली. लग्नाआधीच सांगायला हवं होतं. भ्याले."

भारतीबाईंनी ताट खाली ठेवलं.

"जननीला होईल?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, बहुतेक नाही. पण खात्री कोण देणार?"

अनंतकृष्णनं लादी पुसून घेतली. कार्तिकनं उठून विशालाक्षीच्या पायापुढे आपलं पाऊल आडवं ठेवलं. "मामी, हे ओलांडा." समोर ओलांडायला काही असलं की थिजलेलं पाऊल उचलतं, हे त्यानं गूगलवर वाचलं होतं की जननीनं आधीच सांगितलं होतं, कोण जाणे. तिनं पाऊल उचललं आणि ते ओलांडून बाहेर आली. नव्यानं तेल गरम झालं. तिच्या थरथरत्या बोटांतून ते कार्तिकच्या कपाळावर, कानात ओघळलं. त्यानं मान हलवली नाही.

फराळाच्या वेळी भारतीबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. "गोळ्या कुठल्या, किती वाजता घेता? नीट सांगा." आणि फोनमध्ये सगळं लिहून घेऊ लागल्या.

ती काळजी होती की चौकशी, विशालाक्षीला कळेना. तरी तिनं डावा हात मांडीवर उघडाच ठेवला आणि एकेका गोळीचं नाव सांगू लागली.