चार इंचांचा हट्ट

सूनबाईने पिकअप दारात उभी केली, उतरली आणि गाडीखाली वाकून पाहिलं. पुन्हा घासलं होतं! टेकडीवर नवी घरं झाली, माणसं राहायला आली, कपाटांच्या ऑर्डरी आल्या, पण रस्ता काही आला नाही. नुसते धोंडे. आज तर अर्ध्या वाटेतूनच कपाट परत आणावं लागलं.

"आता गाडी उंच करायचीच," घरात शिरता शिरताच तिने जाहीर केलं. "लिफ्ट किट बसवू. नाहीतर टेकडीवरचं गिऱ्हाईक गेलंच म्हणून समजा."

"मी तर कधीचा सांगतोय," नवरा म्हणाला. कधीचा कसला, लिफ्ट किट हा शब्द त्याने आत्ता पहिल्यांदा ऐकला होता. पण नवरे असं म्हणतात, आपण सोडून द्यायचं.

सासरे पेपर वाचत होते. "किती उंच?" त्यांनी विचारलं.

"दोन इंच, नाहीतर चार."

बाबांनी पेपरची घडी घातली आणि ते बाहेर गेले. सूनबाईने खिडकीतून पाहिलं, तर ते ओट्यापाशी उभे होते.

तो ओटा म्हणजे बाबांचा जीव. कारखान्याच्या दारातला, जाड फळ्यांचा, त्यांनीच बांधलेला आणि बरोब्बर पिकअपच्या हौद्याइतका उंच. गाडीचा मागचा फाळका पाडला की ओटा आणि हौदा एकच. हात थरथरायला लागले तशी बाबांनी हत्यारं खाली ठेवली आणि कारखाना मुलाने मशीनवर घेतला. बाबांकडे एकच काम उरलं: तयार कपाट गाडीत सरकवायचं. फळ्यांना मेण चोळायचं, कपाटाला खांदा लावायचा आणि "चल गं बाई!" म्हणून असं रेटायचं की तीन दारांचं धूड घसरगुंडीवरच्या पोरासारखं सुळकन हौद्यात! त्या कामाला दुसऱ्या कुणाचं बोट लागलेलं त्यांना खपायचं नाही.

गाडी उंच झाली की कपाट उचलून चढवावं लागणार. उचलायला दोन गडी येणार आणि बाबा खुर्चीत बसणार. बाबा आणि खुर्चीत? छे, सूनबाईला ते बघवलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला निघाली, तर बाबा आधीच गाडीत बसलेले.

गॅरेजवाल्याला सगळे भोंगा म्हणत. हातभर अंतरावरच्या माणसाशीही तो नदीपलीकडच्याशी बोलावं तसा बोलायचा. त्याने दोन खोकी समोर आपटली.

"ही दोन इंची! नुसत्या चकत्या घालायच्या. गाडी उचलेल, पण दणके तेच! आणि ही चार इंची! स्प्रिंगा नव्या, शॉकॲब नवे, मागचे पाटे नवे! कपाटाचा आरसासुद्धा विचारेल, धोंडे गेले कुठे? टेकडीला हीच लागणार, ताई!"

"दोन इंची द्या," सूनबाई म्हणाली.

"अहो, दोनात पुन्हा घासेल!"

"हळू चालवीन."

"चार लाव रे," मागून बाबा म्हणाले.

"दोन बास झाले, बाबा."

"चार!"

"घरी ठरवून या की हो!" भोंगा ओरडला. "मला का मध्ये घेता?" समोरचा न्हावी वस्तरा हातात घेऊन दारात आला, त्याच्यामागून फेसाळ तोंडाचं गिऱ्हाईकही.

मग सूनबाईला राहवेना. "दोनाला ओट्यावर एक फळी टाकून भागेल, पण चार लावल्यावर त्याचं काय? कपाट कोण सरकवणार? तुम्ही ओट्यावर नसलात तर मला नाही करमायचं, सांगून ठेवते!"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. डोळे भरून आले, आणि त्याचा त्यांना लगेच रागही आला.

"म्हणून दोनावर आलीस होय? वेडी कुठली! ओटा काय आभाळातून पडला होता? मी बांधलाय. मीच वाढवीन."

"पण हात..."

"हातांना मी विचारतो."

गाडी गॅरेजमध्ये राहिली आणि बाबा ओट्याला भिडले. "मशीनवर कापून देतो," म्हणत मुलगा आला, त्याला त्यांनी आल्या पावली परत पाठवलं. करवत पहिल्यांदा वाकडी गेली. बाबांनी करवतीला शिव्या दिल्या, लाकडाला दिल्या, मग हळूहळू शिव्या कमी झाल्या आणि भुसा वाढला. थरथर गेली नव्हती, पण तिच्याकडे बघायला त्यांना फुरसत नव्हती. ओटा चार इंच वर आला.

गाडी आली ती काय रुबाबात! सूनबाईला वरून शेजाऱ्यांच्या भिंतीपलीकडची वाळत घातलेली गोधडी दिसली आणि ती उगीचच हसत सुटली. तिने गाडी मागे घेतली. बाबांनी खळकन फाळका पाडला.

हौदा ओट्याहून बोटभर वर होता!

जन्मभर दुसऱ्याच्या टेपवर विश्वास न ठेवलेल्या या माणसाने, उत्साहाच्या भरात, खोक्यावर छापलेले चार इंच खरे धरले होते.

"नव्या स्प्रिंगा आहेत!" सोबत आलेला भोंगा गरजला. "रिकामी गाडी जास्तच उचलणार! माल घेऊन फिरली की बसेल खाली!"

"बाबा, मी पटकन मशीनवर एक पट्टी काढतो," मुलगा म्हणाला.

सूनबाईने भीत भीत बाबांकडे पाहिलं. ते त्या बोटभर फटीवरून तळवा फिरवत होते.

"पट्टी मी करणार," ते म्हणाले.

"आणि गाडी खाली बसल्यावर? पुन्हा काढावी लागेल ती," मुलगा म्हणाला.

"लागेल की!" बाबांचा चेहरा खुलला. "तेव्हा काढू. मग कडा तासू. सूनबाई, टेकडीवाल्यांना फोन लाव. म्हणावं, कपाट आज नाही, उद्या."

"का हो बाबा?"

बाबा रंधा शोधायला कारखान्यात शिरलेसुद्धा होते. आतूनच ओरडले, अगदी भोंग्याच्या वरताण:

"आज मला वेळ नाही, काम आहे!"