फुटक्या कुलपाची पाटी

आमच्या गावाला शंभर वर्षं झाली. त्यात अभिमान बाळगावा असं काय घडलं हे शोधायला सात जणांची समिती नेमावी लागली, यावरून काय ते समजा. समितीने तीन महिने चहा ढोसला आणि एका खोलीला 'इतिहास दालन' म्हणायला सुरुवात केली. आत एक मोडका नांगर, दोन तराजू, गावच्या शेतकी संस्थेच्या आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचे फोटो आणि एक फुटकं कुलूप. पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी मीच रंगवलेली आहे, त्यामुळे कोणाला आपलं नाव केवढं मोठं हवं असतं हे मला तोंडपाठ आहे.

ते कुलूप माझ्या आत्याने फोडलं होतं. बेचाळीस वर्षांपूर्वी, ऐन सुगीत, धान्याच्या गोदामाला आग लागली. पंपघराला कुलूप, आणि किल्ली खिशात घालून तेव्हाचे अध्यक्ष परगावी लग्नाला गेलेले. अख्खं गाव कुलपासमोर उभं राहून चूक कोणाची यावर तावातावाने भांडत होतं. एकोणीस वर्षांच्या आत्याने पहार आणली, दोन घावांत कुलूप उडवलं आणि पंप सुरू केला. अर्ध्याहून जास्त धान्य वाचलं. चौथ्या दिवशी सभा भरली आणि या नरपुंगवांनी तिला उभं करून माफी मागायला लावली. का, तर कुलूप संस्थेचं होतं आणि फोडण्याआधी तिने कोणाला विचारलं नव्हतं! तेव्हापासून ती कुलूपफोडी. ठरलेलं लग्न मोडलं. कुलपं फोडणारी सून कोण घरात घेणार? ती आमच्याकडेच राहिली. गावची पोरं तिला त्याच नावाने हाका मारत मोठी झाली, मग त्यांची पोरं.

आता पाटी लागणार, खरं काय ते चारचौघांत वाचलं जाणार, म्हणून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ठेवणीतले कपडे तिने दोनदा धुऊन वाळत घातले.

मजकूर अध्यक्षांनी दिला. हे त्या किल्लीवाल्या अध्यक्षांचेच चिरंजीव. 'आगीच्या दिवशी हे कुलूप विद्यमान अध्यक्षांच्या मातोश्रींनी धैर्याने फोडले.' मातोश्री त्या दिवशी गच्चीवरून "आधी आमची पोती काढा!" म्हणून ओरडत होत्या.

"अहो, हे आत्याने फोडलंय," मी म्हणाले.

"इतकं जुनं कोणाला आठवतंय, ताई? आणि इतिहास जरा शोभला पाहिजे."

मी मुकाट्याने रंगवलं. या गावचा भित्रेपणा माझ्यातही पुरेपूर उतरलाय. आत्याला सांगायची तर हिंमतच झाली नाही.

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. एका पाटीवर हात फिरवायचा राहिला होता म्हणून मी रंगाचे डबे आणि ब्रश घेऊन कोपऱ्यात उभी होते. अध्यक्षांनी पडदा सारला, मातोश्रींचा पराक्रम माइकवर वाचला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेतून आत्या उठली.

"तुझ्या आईने फोडलं?" ती म्हणाली. "मग त्या सभेत मी माफी कशाची मागितली रे?"

अध्यक्षांना घाम फुटला. "बसा हो कुलूपफोडी!" ते माइकमधून खेकसले. "उगाच कार्यक्रमाचा विचका करू नका!"

माइक त्या दिवशी नेमका चांगला चालत होता. मागे कोणीतरी फिसकन हसलं. आपण काय बोललो हे अध्यक्षांना सर्वांत शेवटी कळलं.

मी पुढे गेले आणि पाटीवरच्या मातोश्रींवर पांढरा रंग फासला. मग समितीकडे वळले.

"फोडणारीचं नाव सांगा. काय लिहू?"

मला ते माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. सात जणांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातले शाळेचे मास्तर छताकडे बघू लागले. बेचाळीस वर्षं तिला रोज हाक मारणाऱ्या त्या गर्दीत एकालाही तिचं नाव येत नव्हतं.

"कुलूपफोडीच लिही," आत्या म्हणाली. "नाहीतर यांना कळायचं नाही कोण ते."

मी लिहिलं. अध्यक्षांच्या फोटोंखालच्या सगळ्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत.