काळी न पडणारी सुरी

मी एक जुनी सुरी आहे. बारा सुऱ्या खपल्या की शैलजाबाईंना कंपनीकडून एक मिक्सर मिळणार होता, आणि त्या बारांपैकी मी नववी. मित्रांनो, सहसा अशी गोष्ट जन्मापासून सांगतात. पण माझ्यामुळे कोणाला काय मिळणार होते हे आधी कळले, तर पुढचे सगळे नीट समजेल.

जुनी म्हणजे मी अडीच वर्षांची आहे. हसू नका. ज्या वस्तूवर 'आयुष्यभर' असे छापलेले असते, ती इतरांपेक्षा लवकर जुनी होते.

माझ्या अंगात लोखंडाचा कणही नाही. एक पांढरी भुकटी साच्यात दाबली, कित्येक तास भट्टीत भाजली आणि हिऱ्याच्या चाकावर घासून तिला धार लावली, तीच मी. दुधासारखे पांढरे पाते, हिरवी मूठ. मला मऊ कापडात गुंडाळून खोक्यात ठेवले. खोक्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले होते, 'हिऱ्याच्या खालोखाल कठीण. आयुष्यभर धार. कधीच गंजत नाही, कधीच काळी पडत नाही. अंतराळ तंत्रज्ञान.' अंतराळात कांदा कोण चिरतो, हे अडीच वर्षांत मला एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही.

खोक्याच्या तळाशी मोहरीएवढ्या इंग्रजी अक्षरांत आणखी एक ओळ होती: हाड, गोठलेले पदार्थ, नारळ आणि इतर कडक वस्तू कापू नयेत, पाते पिळू नये. खरे सांगायचे तर कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. लोखंड वाकते. मला वाकता येत नाही, मी सरळ तुटते. पण हे सोनेरी अक्षरांत लिहिले तर सुरी घेईल कोण?

शैलजाबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या, सिल्वासात एका मराठी शाळेत शिक्षिका. राहायला टोकरखाड्याला. शनिवारी दुपारी त्या कोणाच्या तरी घरी जात, पिकलेला टोमॅटो पाटावर ठेवत आणि माझ्यासारख्या एकीने त्याच्या इतक्या पातळ चकत्या करत की पलीकडची गृहिणी दिसावी. इंग्रजी त्यांना उत्तम येत होते. तळाची ओळ त्यांनी वाचली होती. मी पाहिले आहे, चष्मा वर करून दोनदा वाचली होती.

मला विकत घेतले केसरबाईंनी. केसरबाई धुळ्याकडच्या. नवरा नथू मसाटच्या फरसाणाच्या कारखान्यात पॅकिंगला, आणि डोकमर्डीच्या दोन खोल्यांत केसरबाईंचे डबे. शाळेतले आठ शिक्षक त्यांच्याकडूनच डबा घेत. तिथली ओळख.

"केसरबाई, तुमची ती विळी बघा, खोबऱ्याला काळे डाग पडतात तिचे," शैलजाबाई म्हणाल्या. "हिने कापा. पांढरे ते पांढरेच राहील."

"ताई, हिले धार कोन लावंल?"

"लावायचीच नाही. आयुष्यभर."

"मंग माह्या नवऱ्यापेक्षा बरी," केसरबाई म्हणाल्या, आणि मी त्यांच्या घरी आले.

पहिले वर्ष माझे कौतुकात गेले. कोथिंबीर, टोमॅटो, काकडी. शेजारणी मला बघायला येत. केसरबाई मला धुऊन, पुसून, वेगळ्या फडक्यात ठेवत. कोपऱ्यातली विळी हे सगळे बघत असे. ती काही बोलत नसे. लोखंडाला बोलायची घाई नसते.

मग आला डिसेंबर. शाळेच्या स्नेहसंमेलनाची रंगीत तालीम होती आणि साठ मुलांचे दुपारचे जेवण शैलजाबाईंनी केसरबाईंना मिळवून दिले होते. आमटी-भात, बटाट्याची भाजी, शिरा. आमटी खानदेशी, काळ्या मसाल्याची, मुलांसाठी तिखट बेताचे. जेवणानंतर मुलांच्या आया कपडे घेऊन येणार होत्या. त्यांच्यापुढे शैलजाबाई टोमॅटो कापून दाखवणार होत्या. अकरा सुऱ्या खपल्या होत्या. एक उरली होती.

त्या सकाळी सात वाजता केसरबाईंनी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पुढे घेतल्या. एरवी खोबरे विळीवर व्हायचे. पण शाळेचे काम, ताईंची शिफारस. आज सगळे चांगल्यात चांगल्या वस्तूने व्हावे असे त्यांना वाटले. खोबऱ्याला विळीचा काळा डाग नको. मित्रांनो, नीट बघा: जे खोबरे अर्ध्या तासाने कढईत भाजून काळेच करायचे होते, ते तोवर पांढरे राहावे म्हणून त्यांनी मला हातात घेतले.

वीस वाट्या झाल्या. एकविसावी जून होती. मी आत रुतले. केसरबाईंनी, लोखंडी सुरीला करतात तसे, मनगट पिळले.

आवाज फार लहान झाला. बांगडीला बांगडी लागावी एवढाच. त्यांनी तीन-चार चकत्या आणखी केल्या आणि मग मला उचलून पाहिले. माझे टोक नव्हते.

पुढे परात होती. परातीत दोन किलो पांढऱ्या खोबऱ्याचे तुकडे. त्यांत कुठेतरी माझा पांढरा तुकडा, काचेसारखा धारदार. आणि साडेबाराला साठ मुले पंगतीला बसणार.

"ओ, उठा!" केसरबाईंनी रात्रपाळीहून येऊन आडव्या झालेल्या नथूला हलवले. "सुरीचं टोक गेलं खोबऱ्यात."

नथू उठला. त्याला एकच उपाय माहीत होता. त्याने मोडक्या स्पीकरमधले चुंबक काढले आणि परातीवरून फिरवले. एकदा, दोनदा. काही चिकटले नाही. मग त्याने चुंबक माझ्या पात्याला लावले. तेही घसरून खाली पडले.

"घ्या," तो म्हणाला. "आमच्याकडं प्रत्येक पुडा मशीनमधून जातो. लोखंडाचा कण असला तर मशीन बोंबलतं. हे तर लोखंडच नाही. हिच्यापुढं आमचं मशीन बी मुकं."

केसरबाईंनी एकेक चकती हाताने चाचपायला घेतली. बोटाला ओरखडा उठला तो खोबऱ्याच्या करवंटीकडच्या धारेचा निघाला. पुन्हा एकदा तसेच. आठ वाजले. त्यांनी शैलजाबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"तुटले? तुटणे शक्यच नाही हो. हिऱ्याच्या खालोखाल..."

"ताई, हिरा माह्या हातात नाही. टोक नसलेली सुरी आहे."

"काय कापत होतात?"

"खोबरं. तुम्हीच बोलल्या ना, पांढरं ते पांढरंच राहील."

मला ती मोहरीएवढी अक्षरे आठवली. पलीकडे शैलजाबाईंनाही आठवली असावीत.

"हे बघा, मसाला वाटाल तेव्हा बारीक होऊन जाईल. नाहीतर गाळून घ्या. आणि आज कोणाला काही बोलू नका, दुपारी आया येणार आहेत."

"बरं," केसरबाई म्हणाल्या. "मंग पहिलं ताट तुमच्या सायलीले वाढते."

सायली म्हणजे शैलजाबाईंची मुलगी. याच शाळेत, पाचवीत. कोळी नृत्यात पहिल्या रांगेत.

फोन चालू होता. त्यातून शाळेची घंटा ऐकू आली, मग फोन बंद झाला.

केसरबाई परातीकडे बघत बसल्या. मग माझ्याकडे. खोके अजून फळीवर होते. त्यावरची सोनेरी मराठी अक्षरे त्यांनी बोट ठेवून वाचली आणि एका ओळीवर थांबल्या: कधीच काळी पडत नाही.

"पेटवा व्हय ती शेगडी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मोठी कढई द्या."

त्यांनी खोबरे भाजायला घेतले. मसाल्याला लागते त्याहून जास्त. तांबूस झाले, तपकिरी झाले, धूर निघाला. नथू खोकत म्हणाला, "अवं, जळून राहिलं ना!"

"जळू द्या."

सगळे खोबरे काळे झाले. त्यांनी ते परातीत पसरले, दाराच्या उजेडात आणले. आणि त्या काळ्यात, तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे, माझे टोक पडले होते. खोक्यावरच्या सगळ्या बढायांत एक खरी निघाली होती, ती अशी.

"सापडलं!" नथू ओरडला. "चल, झालं. आता मसाला वाट."

केसरबाईंनी तो तुकडा फडक्याने पुसला आणि माझ्या मोडक्या जागी लावून पाहिला. बसला. पण पूर्ण नाही. कडेला तिळाएवढी खाच उरली.

त्यांनी पुन्हा परात चाळली. पोळपाटावर मूठ-मूठ घेऊन पाहिले. नऊ वाजले. तीळ सापडला नाही.

"एवढंसं तर आहे," नथू हळू म्हणाला. "कोनाले कळनार?"

"मले कळलं ना."

त्यांनी परात उचलली आणि दोन किलो खोबरे कचऱ्याच्या पिशवीत ओतले, वर गाठ मारली. पाट घासला, ओटा घासला, पदर झटकला, लुगडे बदलले. मग कोपऱ्यातली विळी ओढली आणि बटाटे घेतले. साठ जणांचे बाकीचे सगळे अजून व्हायचे होते, नवे खोबरे आणून भाजायला, वाटायला वेळ नव्हता. त्या दिवशी मुलांना साधे वरण मिळाले.

साडेबाराला पंगत बसली. मला केसरबाईंनी पिशवीत बरोबर नेले होते, आणि टोक पदराच्या गाठीत. मुलांनी जेवण केले. एक सर म्हणाले, "केसरबाई, खानदेशी आमटी म्हणाला होतात, हे तर दवाखान्यातले वरण." दोघे-तिघे हसले. केसरबाईही हसल्या. शैलजाबाई वाढायला होत्या, पण त्यांनी केसरबाईंकडे एकदाही पाहिले नाही. सायलीच्या ताटाशी मात्र त्या तीनदा येऊन गेल्या.

जेवणानंतर आया जमल्या. टेबलावर पाट, टोमॅटो आणि माझी बारावी बहीण. शैलजाबाईंनी चकत्या केल्या. आया पुढे सरकल्या. एकीने पर्समध्ये हात घातला आणि विचारले, "टीचर, नारळ चालतो ना हिच्यावर?"

केसरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी पदराची गाठ बोटांनी धरली.

शैलजाबाई पाणी प्यायल्या. "तसा... ओला असेल तर..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांनी मान वर करून पहिल्यांदाच भिंतीकडे पाहिले. मग सुरी खाली ठेवली.

"नाही चालत. नारळ, खोबरे, हाड, काहीच नाही. टोक तुटते. आणि तुटलेले पदार्थात दिसत नाही. खाली लिहिले आहे, मी आधी सांगायला हवे होते."

पर्स बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. अगदी माझ्या तुटण्याएवढाच.

मित्रांनो, मी आता मोडक्या टोकाने फक्त कोथिंबीर चिरते. माझी एकच विनंती आहे. वस्तू घरी आणाल तेव्हा खोक्यावरची मोठी अक्षरे दुकानदारासाठी सोडा आणि तळाची बारीक अक्षरे कोणाकडून तरी वाचून घ्या. आम्हाला जे जमत नाही ते आमच्याकडून करवून घेऊ नका. आणि आम्ही तुटलोच तर तुकडे मोजल्याशिवाय कोणाला जेवायला वाढू नका.

आता शेवटी या तुटण्यापायी कोणी काय भरले, तेवढे सांगते. केसरबाईंनी दोन किलो खोबरे आणि एका दिवसाचे नाव. नथूने झोप. शैलजाबाईंनी मिक्सर, बारावी बहीण अजून त्यांच्या कपाटात आहे, विकलेली नाही. मी माझे टोक. कंपनीला पत्र लिहिले होते. टोक तुटणे हमीत बसत नाही असे उत्तर आले, तेव्हा कंपनीने काही भरले नाही.

साठ मुलांनीही काही भरले नाही. सायलीने वरण दुसऱ्यांदा मागून घेतले.